एस-२५ अल्ट्रा मी का घेतला नाही

२०२५ च्या जानेवारीत सॅमसंगने गॅलेक्सी एस-२५ अल्ट्रा आणला, तेव्हा माझ्याकडचा एस-२२ अल्ट्रा तीन वर्षांचा होत आला होता. संध्याकाळ झाली की तो चार्जर मागायचा. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, आता बदलून टाक. नव्याची किंमत तेव्हा १,२९,९९९ रुपये होती. त्यात जवळपास वीस हजार नुसता जीएसटी. तरी हप्ते बसत होते, त्यामुळे मन निम्मं तयार झालं होतं.

मला फोन लागतो तो मुख्यतः पक्ष्यांसाठी. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो उतरतात. नावाडी नाव बरीच अलीकडे थांबवतो, कारण जवळ गेलं की अख्खा थवा उठतो. तिथे जुन्या फोनची दहापट झूमची स्वतंत्र लेन्स कामाला येते. नव्या फोनमध्ये ती नाही. त्यात पाचपटीची लेन्स आहे, पण तिचा सेन्सर ५० मेगापिक्सेलचा असल्यामुळे मधला तुकडा घेऊन दहापटीचं चित्र मिळतं. जुन्या लेन्सचा सेन्सर १० मेगापिक्सेलचा. आकडे वाचून यातलं सरस कोणतं ते कळेना, म्हणून दुकान गाठलं.

काउंटरवरचा मुलगा भला होता. डेमोचा फोन हातात घेऊन तो माझ्याबरोबर दारापर्यंत आला. समोरच्या तारेवर पारवे बसले होते. दोन्ही फोनने आलटून पालटून फोटो काढले आणि मोठे करून पाहिले. उन्हातल्या पारव्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झाक दोन्हींत सारखीच उतरली होती. छज्ज्याखाली सावलीत बसलेल्याचा फोटो मात्र नव्या फोनने स्पष्ट काढला, जुन्यात पिसं एकमेकांत मिसळून गेली होती. फरक खरा होता. पण मी पक्षी पाहायला जातो ते सकाळच्या स्वच्छ उजेडात.

मग फोनमधलं पेन काढून पाहिलं. माझ्या एस-पेनमध्ये ब्लूटूथ आहे. फोन ट्रायपॉडवर लावायचा, सगळ्यांच्यात जाऊन उभं राहायचं आणि पेनचं बटण दाबायचं. आमच्याकडचे गणपतीतले सगळ्यांचे एकत्र फोटो असेच निघतात. एस-२५ अल्ट्राच्या पेनमधून ब्लूटूथ काढलेलं आहे. लिहिता येतं, लांबून फोटो काढता येत नाही. सव्वा लाखाहून जास्त मोजून हातातली सोय घालवायची, हे मला अजिबात पटलं नाही.

राहिली बॅटरी. दोन्ही फोनची क्षमता ५००० एमएएच, चार्जिंगही दोन्हींचं ४५ वॉटचं. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजतेच, मग फोन कितीही महागाचा असो. म्हणजे मला जी अडचण होती तिच्यावर उपाय नव्या फोनचा नव्हता, नव्या बॅटरीचा होता. सर्व्हिस सेंटरमध्ये काही हजारांत ती बदलून घेतली आणि फोन पुन्हा रात्रीपर्यंत पुरू लागला.

नव्या फोनच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे आणि तो कॅमेऱ्याचा नाही. एस-२५ ला कंपनीने सात वर्षांचे अपडेट देऊ केले आहेत. एस-२२ ला सुरक्षा अपडेट पाच वर्षांचे, म्हणजे २०२७ च्या सुरुवातीपर्यंत. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय चालतं, तो अपडेटविना वापरणं मला धोक्याचं वाटतं. तेव्हा मी फोन बदलणार आहे, पण त्या तारखेला, जाहिरातीच्या तारखेला नाही.

तुमचाही फोन दोन-तीन वर्षांचा झाला असेल आणि तक्रार फक्त चार्जिंगची असेल, तर आधी बॅटरी बदलून महिनाभर वापरा. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत तेही पाहून ठेवा. तरीही नवा हवासा वाटला, तर जुना फोन बरोबर घेऊन दुकानात जा आणि रोज जे काढता तेच दोन्हींनी काढून बघा.