मडगार्डामागचा चिखल

मुलुंड, १५ एप्रिल २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई निरोप अर्धाच पोचवते, म्हणून कागद घेऊन बसलोय. पहाटे चारला शेंडी सोडली. घोटीला चहा घेतला. कसारा घाट तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो; मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले. भिवंडीच्या बायपासला मात्र ऊन चढेपर्यंत अडकलो. मुलुंड नाक्यावर टोल घेतला नाही. गेल्या ऑक्टोबरपासून मुंबईत शिरणाऱ्या लहान गाड्यांना तो माफ आहे. तुम्ही मोजून दिलेले सुटे पैसे तसेच खिशात आहेत.

लालबहादूर शास्त्री मार्गावर पत्र्याचं काम करणाऱ्या एका मालवणी मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांना तुमचं म्हणणं शब्दशः सांगितलं: पुढच्या दोन्ही मडगार्डांवर तीन मिलिमीटरची प्लेट वेल्डिंग करून हवी, म्हणजे सामरदच्या वाटेवर पुन्हा चिंता नको. त्यांनी हो की ना काहीच म्हटलं नाही. जीपभोवती एक फेरी मारली आणि बोटाच्या पेरानं मडगार्ड ठोकत गेले. वर ठण्‌ ठण्‌ वाजत होतं. खाली, चाकाच्या मागच्या कोपऱ्यात, आवाज बद्द झाला.

"हा वरचा पत्रा कोणी मारला?"

मी म्हटलं, वडिलांनी. काजव्यांच्या सीझनला गाडी दगडावर घासली त्या वर्षी. सोळा नंबरचा.

सोळा नंबर म्हणजे साधारण १.६ मिमी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नंबर वाढेल तसा पत्रा पातळ. अठरा नंबरचा १.२, वीसचा ०.९. म्हणजे जाड पत्रा निवडलात, त्यात चूक नव्हती. मिस्त्रींनी रिव्हेटांची डोकी ड्रिलनं उडवली आणि पत्रा पकडीनं ओढला. भाकरीएवढी चिखलाची खापरी खाली पडली आणि फुटली. आत भाताचं तूस, करवंदीची पानं आणि गोगलगाईचा एक अख्खा शंख. एप्रिल महिना, आबा, आपल्याकडे विहिरी तळाला गेल्यात, आणि त्या खापरीचा आतला भाग अजून ओलसर होता! मागचा मूळ पत्रा खारीच्या बिस्किटासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत होता. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

जिथे तुमचा जादा पत्रा पोचला नव्हता तिथलं मडगार्ड ठणठणीत आहे. पोचे आहेत, रंग उडालाय, पण पत्रा शाबूत. दोन्हीचे फोटो काढलेत.

मिस्त्री म्हणाले, "दगडानं पोचा पडतो, तो आम्ही काढतो. चिखल आत बसला की काढायला पत्राच उरत नाही." २६ जुलै २००५ ला ते कालिन्याला कामाला होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. बुडालेल्या गाड्यांचं पाणी दोन दिवसांत ओसरलं, इंजिनं उघडून धुतली गेली, सीटा उन्हात वाळल्या. चाकाच्या कमानीमागे बसलेला गाळ कोणी पाहिला नाही. पुढची दोन-तीन वर्षं त्याच गाड्या मडगार्ड बदलायला त्यांच्याकडे येत राहिल्या.

सडलेला भाग कापून ते नवा अठरा नंबरचा तुकडा लावताहेत. दोन दिवस लागतील. प्लेटचं आपण नंतर बोलू. रागावू नका.

तुमचा,
धाकटा


घाटकोपर, १७ एप्रिल

ती. आबांस, सा. न.

मावशीकडे उतरलोय. मावशीनं तुमच्या गुडघ्यासाठी तेल दिलंय.

काल दिवसभर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, दिवे, बंपर फुटपाथपर्यंत रचलेले. तुम्ही असता तर संध्याकाळी तुम्हाला ओढूनच घरी न्यावं लागलं असतं. जीपवाल्यांसाठी चाकावर बसवायच्या काळ्या रुंद कडा दुकानादुकानांत टांगलेल्या असतात. इकडे त्यांना फेंडर फ्लेअर म्हणतात, किंवा नुसतंच क्लॅडिंग. थार २०१० ला आली, नवी थार २०२० च्या २ ऑक्टोबरला, आणि प्रत्येक थारवाल्याला आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा रुंद दिसायला हवी आहे. आपल्या एमएम ५४० चं नाव काढलं की दुकानदार आधी हसतात, मग आतल्या पोराला हाक मारतात, आणि ते पोर माळ्यावरून काहीतरी धुळीनं माखलेलं काढून आणतं.

माल तीन तऱ्हेचा. एक फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यात रेझिन ओतून केलेलं. दिसायला झकास, रंग छान बसतो, आणि फुटलं तर पुन्हा रेझिन लावून जोडता येतं. पण ते वाकत नाही. दगड आतून बसला की वरच्या चकचकीत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात आणि पाणी तिथून आत जातं. दुसरं एबीएस. कडक, गुळगुळीत, पण उन्हात राहून पांढुरकं पडतं आणि ठिसूळ होतं. तिसरं पीपी, पॉलिप्रोपिलीन. याला रंग धरत नाही, गोंद धरत नाही, हात लावला तर मेणचट लागतं. गिऱ्हाईक याच्याकडे बघतही नाही. हे मात्र दुमडलं तरी परत सरळ होतं. ऊन सोसावं म्हणून त्यात काजळी घालतात, म्हणून ते काळं. दिसण्यात मार खातं, कामात नाही.

अडचण अशी की दुकानदार तिन्हीला एबीएसच म्हणतो, कारण ते नाव गिऱ्हाइकाला पाठ असतं. मावशीचा धाकटा साकीनाक्याला प्लॅस्टिकच्या मोल्डिंगच्या कारखान्यात आठ वर्षं काम करतोय. त्यानं फ्लेअरच्या आतल्या कडेची एक चिपटी ब्लेडनं काढली आणि टपरीवर पाण्याच्या ग्लासात टाकली. तरंगली. "पीपी आहे. घे." एबीएस पाण्याहून जरा जड, ते बुडतं, पीपी हलकं, ते तरंगतं. फार भुकटी मिसळलेलं पीपीही बुडू शकतं, पण तरंगलं तर एबीएस नक्की नाही. तीन दुकानांत असा ग्लास मागितला. चौथ्या दुकानदारानं पाणी द्यायचं नाकारलं, तेव्हा तिथून काही घेतलं नाही.

भाव सांगत नाही. सांगितला तर तुम्ही परत बोलावून घ्याल.


अंधेरी, १९ एप्रिल

ती. आबांस, सा. न.

परवा रात्री पत्र बंद केल्यावर झोप येईना, कारण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. आपण इतकी वर्षं मडगार्डाला बाहेरून चिलखत घालायचं म्हणतोय. बाहेरून आपल्या गाडीला लागतं काय? करवंदीच्या जाळ्या आणि आपल्याच वाड्याच्या फाटकाचा खांब. दगड आणि चिखल मारतं चाक, आणि तेही आतून. पुढच्या चाकानं उडवलेला खडा त्याच मडगार्डाच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात बसतो. आपलं भोक तिथेच पडलं. म्हणजे कवच आतून हवं.

काल मुलुंडहून गाडी घेतली आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं इकडे आणली. मिस्त्रींचा जोड कुठे आहे ते हात फिरवूनही कळत नाही. साकीनाका-मरोळच्या गल्ल्यांत सगळं मिळतं, फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. मावसभावाच्या ओळखीनं एका फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यानं तुमच्या प्लेटचा हिशेब खडूनं शटरवरच मांडला: तीन मिमी लोखंडाचा एक चौरस मीटर म्हणजे साडेतेवीस किलो. एवढं ओझं पुढच्या पाट्यांवर कायमचं, आणि मडगार्डाच्या मूळ पत्र्याला ते तोलायचं बळ नाही. खड्ड्याखड्ड्याला हादरून बोल्टाच्या भोकापाशी चीर पडणार. मी विचारलं, मग ॲल्युमिनियम? वजन तिसऱ्या हिश्शावर येतं. तो म्हणाला, चालेल, पण ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट भिडवून त्यात पाणी राहू दिलं तर ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, खाऱ्या हवेत तर फारच लवकर. तुमच्या पत्र्याचे रिव्हेट ॲल्युमिनियमचेच होते. त्यांच्याभोवतीची पांढरी कडी मला आठवली.

शेवटी ठरलं ते असं. चाकाच्या कमानीत आतून एचडीपीईच्या तीन मिमी शीटचं अस्तर. हे प्लॅस्टिकही पाण्यावर तरंगणारं. खडा लागला की टप्‌ करून परत फेकतं. कारखान्यातून निघणाऱ्या आजच्या गाड्यांत असं अस्तर असतंच, आपल्या जीपच्या नशिबी ते आलं नाही. पत्रा आणि अस्तर यांच्यात बोटभर जागा, खाली दोन बोटांचा पाणी जायला मार्ग, आणि पाच बोल्ट काढले की अख्खं अस्तर हातात. नवी भोकं पाडायची नाहीत, आहेत तीच वापरायची. एकच पाडावं लागलं, त्याच्या कडेला लगेच झिंक प्रायमर भरला. आपण आजवर लावत आलो तो रेड ऑक्साइड खरवडला की संपला. जस्त मात्र स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. प्रत्येक बोल्टाखाली रबरी वॉशर.

त्या वर्षी एका गॅरेजवाल्यानं खालून काळा रबरी रंग मारून दिला होता, आठवतं? ओल्या चिखलावरच मारला होता त्यानं. काल तो सोललाय, तव्यावरून धिरडं निघावं तसा सलग निघाला. त्याखाली काय होतं ते सांगत नाही.

बाहेरून पीपीचे फ्लेअर, पण अरुंद. टायर मडगार्डाच्या बाहेर यायला नको इतकेच. आणि मागे चिखलपट्टी, कन्व्हेयर बेल्टच्या जुन्या रबराची. आत कापडाचे थर असतात, फाटता फाटत नाही. कुर्ल्याच्या भंगारात किलोवर मिळाली.

बसवल्यावर मी पैसे द्यायला निघालो तर फॅब्रिकेटर म्हणाला, थांबा. त्यानं पुढच्या उजव्या चाकाखाली फळ्यांची चळत रचली, गाडी वर चढवून घेतली आणि मला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे तोडायला लावलं. सपाट जमिनीवर टायरला चार बोटं मोकळीक होती. पाटा दबल्यावर टायरची कड अस्तराला घासली. कर्र्‌ असा आवाज झाला, आणि अस्तरावर अर्धचंद्राकृती खूण उठली. तेवढा भाग कापून पुन्हा बसवला. हे सामरदच्या उतारावर, आत पाहुणे बसलेले असताना कळलं असतं.

गाडी तिथेच ठेवून काल संध्याकाळी मेट्रोनं घाटकोपरला परतलो. असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं गाडीतून दिसतात. तुमच्या नातीसाठी फोटो काढला.


बोरिवली, २१ एप्रिल

ती. आबांस, सा. न.

आत्याकडे आहे. नॅशनल पार्कच्या बाजूची खोली आहे, पहाटे झाडांचा वास येतो तेव्हा जरा आपल्याकडचं वाटतं.

येताना कांदिवलीला आकुर्ली रोडवर महिंद्राच्या कारखान्यासमोरून आलो. मुंबईत १९४७ पासून विलीस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली, त्या घराण्यातली आपली ५४०. इथली की नाशिकची, ते कागदपत्रांवर नाही. विलीसचं मडगार्ड सपाट होतं, युद्धात शिपाई त्यावर बसत, सामान ठेवत. आपलंही तसंच सपाट, आणि तुम्ही त्यावर अजून भाताचं पोतं ठेवता. नवीन अस्तरानं त्यात काही फरक पडणार नाही, खुशाल ठेवा.

आत्याचे यजमान म्हणाले, एवढा खर्च केलास तर पुढे लोखंडी बुलगार्डही लावून घे. त्यांना सांगितलं, डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं सगळ्या राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. समोरचा पायी चालणारा त्यानं चिरडतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा रोख एकच: नोंदणीच्या कागदावर कंपनीनं दिलेली जी गाडी आहे तिच्याशी विसंगत बदल करायचा नाही. अस्तर आणि चिखलपट्टीनं तसं काही होत नाही. आपल्या गाडीची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते, तिथे उगाच लफडं नको. हेही एक कारण मी रुंद फ्लेअर घेतले नाहीत त्याचं. दुसरं कारण, ते आपल्या गाडीला शोभत नाहीत.

उद्या पहाटे निघतो. तुमचा सोळा नंबरचा पत्रा टाकला नाही, मागच्या सीटखाली आहे. गोठ्याच्या पन्हळीला तुकडा हवाच होता.

एक काम करून ठेवा. ओसरीजवळच्या नळाची नळी फाटकापर्यंत पोचत नाही, तिला दहा फूट जोड घाला. जून लागला की सामरदहून गाडी आल्यावर कितीही रात्र झाली तरी आधी चारही कमानी आतून धुवायच्या, मग जेवायचं. आणि दिवाळीला पाच बोल्ट काढून अस्तर खाली घ्यायचं. दहा नंबरचा पाना लागतो, तो आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

तुमचा,
धाकटा