लशीनंतरची सूज

लस घेतल्यावर दंड दुखतो, रात्री कणकण येते, एखादा दिवस अंग मोडून येतं. हे आपल्याला तान्ह्या बाळांच्या डोसांपासून माहीत आहे. किडनीलाही त्रास होऊ शकतो हे मात्र थोड्यांना माहीत असतं, कारण तो होतोच फार थोड्यांना. फ्लूच्या किंवा इतर लशींनंतर नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं वाहून जाऊन अंगावर सूज येण्याचा आजार, झाल्याच्या नोंदी आम्हा किडनीच्या डॉक्टरांच्या नियतकालिकांत पूर्वीही येत. पण सुट्या, तुरळक. मग १६ जानेवारी २०२१ला आपल्याकडे कोविडची लसमोहीम सुरू झाली. काही महिन्यांत कोट्यवधी प्रौढांनी लस घेतली आणि "डॉक्टर, हे इंजेक्शनमुळे झालं का?" हा प्रश्न माझ्या ओपीडीत नेमाने येऊ लागला.

विचारणाऱ्याची तक्रार बहुधा सारखीच असे. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी पाय जड, बोटाने दाबलं की खड्डा. लघवीला फेस. तपासणीत प्रथिनं चार प्लस.

प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि तरीही रक्तातलं अल्ब्युमिन जवळजवळ सगळं जागच्या जागी राहतं. हे राखण्याचं काम पोडोसाइट नावाच्या पेशी करतात. त्यांचे पायासारखे फाटे एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधल्या फटींवर नेफ्रिन नावाच्या प्रथिनाचा पडदा असतो. मिनिमल चेंज डिसीज या आजारात हे फाटे सपाट होतात, पडदा निकामी होतो आणि दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. बायोप्सीचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र अगदी धडधाकट दिसतो. बिघाड कळतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या आजाराच्या ४४ टक्के प्रौढ रुग्णांच्या रक्तात थेट नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. म्हणजे शरीराची संरक्षक फौज आपल्याच गाळणीवर उलटलेली असते.

ही फौज लशीने जागी होते, तशी ती साध्या सर्दीनेही होते. सर्दी-खोकला झाला की चार दिवसांत मुलाचा चेहरा सुजणार, हे नेफ्रोटिक मुलांच्या आया मला सांगतात, मी त्यांना सांगावं लागत नाही. त्या घरीच रोज लघवीत पट्टी बुडवून वहीत नोंद ठेवतात. ज्या शरीरात ही प्रवृत्ती दबा धरून आहे, तिथे एखाद्या वेळी लस हेही निमित्त ठरू शकतं. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये अशी नोंद केली: पन्नाशीचा निरोगी पुरुष, फायझरचा पहिला डोस, चारच दिवसांत अंगावर सूज, बायोप्सीत मिनिमल चेंज, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तो सुधारला. त्याच वर्षी अमेरिकेतून आयजीए नेफ्रोपॅथी या गाळण्यांच्याच दुसऱ्या एका आजाराच्या दोन जुन्या रुग्णांची हकिगत आली. मॉडर्नाचा दुसरा डोस घेतल्यावर चोवीस तासांच्या आत दोघांची लघवी लाल झाली आणि थोड्या दिवसांत आपोआप निवळली.

इथवर वाचून कुणी घाबरेल, म्हणून मोजदादीकडे वळतो. भारतात कोविड लशीचे २२० कोटींहून जास्त डोस दिले गेले. कोणत्याही पंधरवड्यात, लस नसतानाही, देशात कितीतरी जणांना किडनीचा आजार नव्याने जडतच असतो. सगळा देश लस घेत असताना त्यांतल्या अनेकांचा आजार लशीनंतरच्या पंधरवड्यात येणार, हे उघड आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते. पण एखादी फांदी खरोखर कावळ्याच्या भाराने मोडलेली असू शकते, आणि ती ओळखणं हे आमचं काम आहे.

ओळखायची कशी? काळ हा एक पुरावा. दुसरा पुरावा बायोप्सीत असतो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. लशीनंतर दहा दिवसांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसल्याची खूण) वाढलेलं निघालं, पण तुकड्यात गाळण्या वाळून गेलेल्या, भोवती व्रण धरलेला दिसला, तर तो आजार दहा दिवसांचा नाही. असे व्रण जमायला महिने, कधी वर्षं लागतात. माझ्या एका रुग्ण बाईंच्या जुन्या फाइलमध्ये बाळंतपणाच्या वेळचा लघवीचा रिपोर्ट सापडला. प्रथिनं तेव्हाही होती. कुणी पाठपुरावा केला नव्हता. लशीमुळे इतकंच झालं, की त्या दवाखान्याची पायरी चढल्या.

एकेका रुग्णावरून जे ठरत नाही, ते मोठ्या संख्येवरून ठरतं. स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी देशभरातल्या किडनी बायोप्सी तपासल्या आणि २०२१च्या लसमोहिमेतला काळ आधीच्या वर्षांशी ताडून पाहिला. गाळण्यांचे नवे आजार वाढलेले आढळले नाहीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रश्न वेगळा विचारला गेला: ज्यांना असा आजार आधीच आहे, त्यांचा तो लशीनंतर उलटतो का? दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर उलटण्याचा धोका सुमारे दुप्पट निघाला. पण मुळात धोकाच लहान असल्याने प्रत्यक्ष वाढ एक ते पाच टक्क्यांचीच होती, आणि बहुतेकांची औषधं बदलावी लागली नाहीत. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून माझं मत बनलं आहे: निरोगी माणसाने किडनीच्या भीतीने लस टाळण्याचं कारण नाही. जुन्या रुग्णाने लस घ्यावी, पण लघवीवर लक्ष ठेवून.

ज्याला खरोखर त्रास झाला, त्याला "लशीचा काही संबंध नाही" म्हणून वाटेला लावणं मला मान्य नाही. एक तर ते विज्ञानाला धरून नाही. शिवाय असं झिडकारलेला माणूस गावात जाऊन जे सांगतो, त्याने दहा घरांतल्या मुलांचे डोस चुकतात. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची नोंद करायची सरकारी व्यवस्था आपल्याकडे आहे. आशाताईंपासून जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यापर्यंत ती पोहोचते आणि गंभीर घटनांची तज्ज्ञ समिती छाननी करते. कारण नक्की ठरलेलं नसतानाही कळवायचं असतं. डॉक्टरमित्रांनी तो फॉर्म भरण्याचा कंटाळा करू नये.

आणि ज्यांची किडनी आधीच अधू आहे, त्यांना तर लशींची गरज इतरांहून जास्त. नेफ्रोटिक मुलाला न्यूमोकॉकसचा संसर्ग जिवावर बेततो. त्याची लस चुकवू नये. डायलिसिसच्या रुग्णाला हिपॅटायटिस बीचा डोस नेहमीच्या दुप्पट ताकदीचा लागतो. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना मात्र गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लशी थांबवाव्या लागतात. त्या कधी घ्यायच्या हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कोणत्याही लशीनंतरच्या दोन-चार आठवड्यांत चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली, लघवीला सतत फेस राहिला किंवा तिचा रंग चहासारखा झाला, तर वाट पाहू नका. लघवीची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. ती त्याच दिवशी करून घ्या आणि लस कोणती, कधी घेतली हे डॉक्टरांना न विसरता सांगा.