आटपाडीच्या वाटेवर

माणदेशांत प्रवास करावयाचा तर वेळ हाताशीं राखावा, असें जुनीं माणसें सांगत. यंदाच्या उन्हाळ्यांत त्याचा अर्थ आम्हांस कळला.

आटपाडीजवळील स्वतंत्रपूर पाहावें, ही आमची फार दिवसांची इच्छा. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्यानें, १९३९ सालीं तेथें बंद्यांची खुली वसाहत वसविली. कैद्यानें कुटुंबासह राहावें, शेत कसावें आणि दिलेला शब्द पाळावा, एवढाच तेथील तट! याच तालुक्यांतील शेटफळे येथें जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनीं त्या धाग्यावरून लिहिलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ सालीं पडद्यावर आला. वर्गांत ही हकीकत आम्हीं वर्षानुवर्षें मोठ्या आवेशानें सांगितली होती.

विट्याहून आमच्या जुन्या मोटारसायकलीवर सकाळीं निघालों. करगणी मागें पडली, आणि गाडी आचके देऊन थांबली. किक मारून पाय भरून आला. टाकीचें झांकण उघडलें, तों पेट्रोल पुष्कळ. मग प्लग काढून पुसला, बसविला, गाडी सुरू! दोष प्लगाचाच, असा सिद्धांत करून आम्ही पुढें निघालों. दोन मैलांवर पुन्हां तीच गत. पुन्हां टाकी पाहिली, प्लग पुसला, गाडी सुरू. आणि थोड्या अंतरावर पुन्हां बंद.

शेजारच्या डाळिंबाच्या बागेंतून एक तरुण आला. त्यानें किकला पाय लावला नाहीं. टाकीशीं कान नेऊन झांकण हळूच फिरविलें. 'सुस्स' असा आवाज झाला.

"पलग चांगला हाय, गुरुजी. टाकीला वारा मिळंना."

झांकणास एक बारीक छिद्र असतें. पेट्रोल खालीं उतरावें, तर त्याच्या जागीं वारा वर शिरावा लागतो. धुळीनें छिद्र बुजलें कीं टाकींत ओढ निर्माण होते, आणि पेट्रोल अडून कार्बोरेटर कोरडा पडतो. आम्ही झांकण उघडीत होतों म्हणून गाडी चालत होती. श्रेय मात्र प्लगास देत होतों. कावळा बसला आणि ताडफळ पडलें! काकतालीय न्याय उभा जन्म शिकविणाऱ्याची ही अवस्था.

त्यानें बाभळीच्या कांट्यानें छिद्र मोकळें केलें. "आता झाकण लावून चार मैल पळवल्याबिगर कळायचं न्हाई. तुमी सावलीत बसा," असें म्हणून तो गेलाही.

आमची पिशवी गाडीलाच अडकविलेली होती. तींत पैसे, चष्मा, परतीचें सारें. दहा मिनिटें झालीं, वीस झालीं. त्याचें नांवसुद्धां विचारलें नव्हतें. मनांत नको तें येऊं लागलें. फिर्याद द्यावयाची तर वर्णन काय सांगावें, याचीही जुळणी झाली. आणि आम्ही निघालों होतों स्वतंत्रपूर पाहावयास!

अर्ध्या तासानें धुरळा दिसला. "मधी कुटं बंद पडली न्हाई, गुरुजी. पुढं ढोरं आडवी आली, म्हून येळ झाला." पिशवी जशीच्या तशी होती. आम्हीं पैसे पुढें केले; त्यानें हात मागें घेतला आणि बागेंत निघून गेला. त्याच्याकडे वर पाहून बोलणें आम्हांस जमलें नाहीं.

स्वतंत्रपूर त्या दिवशीं पाहिलें. पण रात्रीं टिपण लिहावयास बसलों, तेव्हां प्रथम बाभळीखालचा तो अर्धा तास लिहावा लागला.