आबांची तीनशे पंधरा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाइल वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. हमखास बॉस असतो. त्या शुक्रवारी मात्र स्क्रीनवर ‘मोठेबाबा अकोला’ दिसलं. मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, फोनवर ‘हॅलो’ कधीच म्हणत नाहीत.

‘‘तू इंजिनिअर आहेस नं? मंग सांग. रायफलचा बोअर मोठा कराचा असन तर होते का?’’

मी पुण्यात गिअरबॉक्स डिझाइन करतो. पण आपल्याकडे एकदा इंजिनिअर झालात की मिक्सरपासून रायफलीपर्यंत सगळं तुम्हाला आलंच पाहिजे! मी ‘बघून सांगतो’ म्हणालो. कटवायचं असलं की क्लाएंटला म्हणतो ना, तसंच.

ही रायफल आबांची. १९६४ साली घेतलेली, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, .३१५ बोअरची. घरात तिला रायफल कुणी म्हणतच नाही, ‘तीनशे पंधरा’ म्हणतात. आमचं शेत परतवाड्याजवळ, मेळघाटाच्या पायथ्याशी. पीक राखायला म्हणून आबांनी लायसन्स काढलं होतं. २०२२च्या उन्हाळ्यात आबा गेले आणि नियमाप्रमाणे ती अमरावतीच्या एका लायसन्सवाल्या दुकानात जमा झाली.

आता मेख अशी, की डिसेंबर २०१९मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली. वारसाहक्कानं आलेलं हत्यारसुद्धा त्या दोनातच धरायचं. मोठेबाबांकडे एक बाराबोअर, एक रिव्हॉल्व्हर. म्हणजे तीनशे पंधरा हवी तर दोनातलं एक सोडायचं. ते सोडायलाही तयार होते. पण अट ही, की रायफल ‘मोठी’ झाली पाहिजे. आबांना म्हणे ती .३७५ करून हवी होती. राहून गेलं.

दिवाळीला घरी जायचंच होतं. त्याआधीचे दोन वीकेण्ड मी चक्क अभ्यास केला. (गर्लफ्रेंडला वाटलं, मी जॉब बदलतोय.) आणि सांगतो, विषय सॉलिड निघाला. आपल्याकडे कुठली गोळी वापरायची हे जनावराच्या आकारापेक्षा सरकारच्या धास्तीनं जास्त ठरलंय. .३०३ ही फौजेची गोळी. ती सामान्य माणसाच्या हाती पडली तर बंडखोरांपर्यंत पोचेल, म्हणून इंग्रजांनी ती लोकांना दिली नाही. मग बीएसएसारख्या इंग्लिश कंपन्यांनी काय केलं, तर त्याच ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीच्या ८ मिलिमीटर काडतुसाची नळी चढवली. तीच ही .३१५. पुढे इशापूरनं तोच कित्ता गिरवला. म्हणजे आमची तीनशे पंधरा मुळातच एक ‘मोठी केलेली’ रायफल होती! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोअरच्या काडतुसांवरही अशीच बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच बोअरच्या. तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी हत्ती-गव्यांसाठी .४७० आणि .४६५ काढल्या. कायदा एक इंच म्हणाला की हे सव्वा इंच करणार. आपलं एफएसआयचं असतंच की तसं.

अमरावतीत उतरलो, गिला वडा हाणला आणि दुकानात गेलो. मोठेबाबा अकोल्याहून गाडी घेऊन आधीच हजर. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्याचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. ते त्यांनी मला तिसऱ्यांदा ऐकवलं.

दुकानदार चाचांनी रायफल काउंटरवर ठेवली. मी खिशातून व्हर्नियर काढला. (हो, मी सुट्टीवरही व्हर्नियर नेतो. हसा.) चाचांच्या टेबलावर .३७५ची एक जुनी रिकामी पुंगळी पेपरवेट म्हणून होती. लांबी ७२ मिलिमीटर. आमची ५०. गोळी धरून .३७५चं काडतूस जातं ९१वर, आमचं ७६च्या आसपास. म्हणजे नुसती नळी बदलून भागत नाही. एवढं लांब काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही आणि बोल्टची धावही पुरत नाही. शिवाय ली-एनफिल्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, मॉझरसारखा पुढे, काडतुसाच्या बुडाशी नाही. बार उडाला की सगळा झटका त्या लांबलचक बोल्टवर आणि सांगाड्यावर येतो. .३७५चा जोर त्याच्यासाठी नाहीच. थोडक्यात, नॅनोच्या बॉडीत ट्रकचं इंजिन!

‘‘आणि कायदा?’’ मी चाचांना विचारलं.

‘‘लायसन्स नसताना एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारचं करणं म्हणजे सरळ गुन्हा, बेटा. एकोणीसच्या दुरुस्तीत तर स्पष्टच लिहिलंय.’’

मला वाटलं, संपलं. पण गाडीत बसल्यावर मोठेबाबा म्हणाले, ‘‘एक मिस्त्री आहे. त्यानं म्हटलं, करून देतो. कोणाले सांगाचं नाही. तू फक्त ड्रॉइंग काढून दे.’’

मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. मी मनात ईमेल लिहावा तशी वाक्यं जुळवत होतो. रिस्क, कम्प्लायन्स वगैरे. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी भरली, त्याला ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे ऑफिसचीच भाषा होती, दुसरी नव्हती.

रात्री मोठ्या आईनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. जेवण झाल्यावर गच्चीवर मी सांगून टाकलं, ‘‘मोठेबाबा, मी ड्रॉइंग देणार नाही. बोल्ट मागे आला तर तुमचा डोळा जाईल. आणि नाही आला तर पोलीस येतील.’’

ते चिडतील असं वाटलं होतं. ते सतरंजीवर बसले आणि भलतंच बोलायला लागले.

१९६८ची गोष्ट. ते आठवीत होते. वन्यजीव कायदा यायला अजून चार वर्षं होती, मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प तर १९७४चा. ज्वारीत डुकरं घुसायची, म्हणून आबा माचाणावर बसले होते. सोबत एक कोरकू गडी आणि टॉर्च धरायला हे. मध्यरात्री कणसं मोडल्याचा आवाज आला. उजेड टाकला तर डुक्कर नव्हतं. गवा होता. मोठा नर आठशे-हजार किलोचा असतो. आबांना मोह झाला.

‘‘माह्या हातात टॉर्च होता. हात हालला माहा. आबाची गोळी पोटात बसली.’’

गवा रानात पळाला. सकाळी तो कोरकू रक्ताचा माग काढत गेला, संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गिधाडं उतरलेली दिसली तेव्हा कळलं. आबा घरी आले आणि म्हणाले, ही बंदूकच लहान पडली, तीनशे पंच्याहत्तर पाहिजे होती. पोराला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या रात्रीनंतर त्यांनी तीनशे पंधरा फक्त दसऱ्याला पूजेसाठी काढली.

‘‘तू इंजिनिअर आहेस,’’ मोठेबाबा म्हणाले. ‘‘खरं सांग. तीनशे पंच्याहत्तर असती तर पडला असता का तो तिथंच?’’

सदुसष्ट वर्षांचा माणूस मला हे विचारत होता. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! पण दोन वीकेण्ड वाचलं होतं ना. शिकारी एकमतानं सांगतात की गोळी कुठं बसते ते आधी, केवढी आहे ते नंतर. पोटात बसलेली मोठी गोळी घेऊनही गवा पळतो.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘बहुतेक नाही. पण रात्री, टॉर्चच्या उजेडात, डुकरासाठी बसलेल्या माणसानं गव्यावर गोळी झाडायलाच नको होती. ते ठरवणारे आबा होते. तुम्ही तेरा वर्षांचे होता.’’

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग ‘‘हाव’’ एवढंच म्हणाले आणि खाली झोपायला गेले. ते ‘हाव’ कशाला होतं, मला अजून नक्की कळलेलं नाही.

सकाळी चहाच्या वेळी मिस्त्रीचा फोन आला. मोठेबाबांनी तो कट केला. पुढच्या महिन्यात त्यांनी रिव्हॉल्व्हर विक्रीला काढलं आणि तीनशे पंधरासाठी वारस म्हणून अर्ज दिला. फाइल बरेच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. नंतर एका शुक्रवारी, साडेसहालाच, परत फोन.

‘‘मिळाली रे. पुण्याहून येताना नळी साफ कराचा ब्रश आन. तीनशे पंधराचा.’’