तुम्ही आत्ता काय लावलंत?

नातेवाईकांपैकी जे इथे डोकावतात त्यांना मी नक्की काय काम करते याचा उलगडा अजून झालेला नाही. तर ऐका. सध्या मी एक चौकट बनवतेय. लॅपटॉपला हेडफोन लावला की ती पडद्यावर उगवते आणि विचारते, "तुम्ही आत्ता काय लावलंत?" बास, एवढंच. आणि त्यावर दोन महिने गेलेत :)

सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की एवढं हुशार यंत्र, त्याला दिसत नाही का? खरंच दिसत नाही. यूएसबीची वस्तू खोचली की ती आपली ओळख स्वतःच सांगते. कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, मी माईक आहे की स्पीकर, सगळं. पण ती साडेतीन मिलिमीटरची गोल पिन! टेलिफोन एक्स्चेंजमधले ऑपरेटर जी पिन भोकात खुपसायचे, तिची ही धाकटी नात. ही मुकी आहे. आतला छोटा स्विच हलतो आणि संगणकाला कळतं ते इतकंच, की कोणीतरी आलंय.

पूर्वी भोकं वेगळी होती. हिरवं आवाजाचं, गुलाबी माईकचं. हे रंग 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीत ठरले होते. मग लॅपटॉप सडपातळ झाले आणि दोन्हींचं मिळून एकच भोक झालं. आता पिनेवरच्या रेघा मोजा. दोन रेघा म्हणजे तीन भाग: डावा कान, उजवा कान आणि अर्थिंग. तीन रेघा असतील तर चौथा भाग माईकचा. बऱ्याच लॅपटॉपमधली चिप विजेचा रोध मोजून हे ताडते. काहींना ते जमत नाही, म्हणून मग माणसाला विचारायचं. लिनक्सवर ग्नोम वापरणाऱ्यांनी अशी चौकट पाहिली असेल: हेडफोन, हेडसेट, मायक्रोफोन, यातलं एक निवडा.

इथेच घोडं अडतं. आमच्या घरात 'हेडसेट' म्हणतं कोण? माईक असो वा नसो, सगळे हेडफोनच. आई ताईशी बोलायला बसते, वायर लावते आणि मध्येच चौकट येते. न मागता आलेली प्रत्येक चौकट म्हणजे व्हायरस, अशी आईची पक्की समजूत. ती 'रद्द करा' दाबते. मग आवाज स्पीकरमधूनच येत राहतो, आई वायरीवरच्या माईकशी बोलत राहते आणि ताई तिकडून म्हणते, "आई, विहिरीतून बोलतेयस का?" शेवटी आई म्हणते, "मला बाई हे जमत नाही." हे वाक्य मला सहन होत नाही. तिचं काय चुकलं? तिला विचारलं तेच धड नव्हतं.

एकदा विचारून लक्षात का नाही ठेवत, असं भाऊ म्हणतो. मुकी पिन, तिची ओळख कशी ठेवणार? लक्षात राहतं ते फक्त भोक. सकाळी त्यात त्याचा हेडफोन, संध्याकाळी आईचा. त्यामुळे विचारावं तर लागणारच. मागचं उत्तर आधीच निवडून ठेवता येतं, इतकंच.

तर आमची चौकट आता कोपऱ्यात येते, टायपिंग अडवत नाही. आवाज लगेच कानात जातो. कोणी नुसता माईक लावला असेल तर स्पीकर क्षणभर गप्प होईल, ते परवडलं. उलटं झालं तर अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल. माईक मात्र उत्तर येईपर्यंत आधीचाच. प्रश्नही बदलला: "याला माईक आहे का?" आहे, नाही, नुसता माईकच आहे. 'आहे' म्हटलं की खाली एक पट्टी दिसते, बोललं की हलते.

टीममधल्या एकाला ती पट्टी नको आहे, जागा खाते म्हणे. मी काढणार नाहीये. आपला आवाज माईकपर्यंत पोचतोय की नाही, हे आईला ताईला विचारत बसावं लागू नये.