पक्ष्याच्या नावाचं गाव

‘मी सेरंगूनला राहते’ असं भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मुस्तफाचं दुकान, वीरमाकाळीअम्मन मंदिर आणि दिवाळीची रोषणाई येते. तो सेरंगून रोड. लिटल इंडियातून निघून तो ईशान्येकडे जातो, पुढे ‘अप्पर’ सेरंगून रोड होतो आणि माझं सेरंगून लागतं ते तिथे. माझ्या वाट्याला गजऱ्यांची दुकानं नाहीत. नेक्स मॉल, एमआरटीच्या दोन लाईन, इमारतींच्या रांगा आणि खाली कॉफीशॉप, एवढाच माझा मुलूख.

नाव मात्र त्या रस्त्याला मिळालं ते पक्ष्यावरून, असं मानतात. मलय भाषेत ‘बुरुंग रांगगोंग’ म्हणजे दलदलीतला एक पक्षी. दुसरी व्युत्पत्ती अशी, की जंगलातून जाताना जनावरांना पळवून लावायला लोक गाँग बडवत, त्यावरून हे नाव पडलं. खरी कोणतीही असो, दोन्हींत माणसाइतकेच प्राणी आहेत. रस्त्याच्या लिटल इंडियाकडच्या टोकाला पाणी आणि गवत होतं म्हणून गुरांचा व्यापार वाढला. मंडळातल्या कित्येक बाळांचा जन्म ज्या के.के. हॉस्पिटलात झाला, त्याच्या ‘कांडांग केर्बाउ’ या मूळ नावाचा अर्थ आहे म्हशींचा गोठा! तमिळ मंडळी या भागाला ‘सुण्णांबु कंबम’, म्हणजे चुन्याचं गाव म्हणत, कारण इथे चुन्याच्या भट्ट्या होत्या. रस्त्याच्या नदीकडच्या टोकाला कांगकार नावाचं कोळ्यांचं गाव होतं. गोठे गेले, भट्ट्या विझल्या, कोळी गेले, दलदल बुजली. पक्ष्याचं नाव तेवढं स्टेशनच्या पाटीवर राहिलं.

मी नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये जीवशास्त्राच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. सेरंगूनहून सर्कल लाईनने दहावं स्थानक केंट रिज. वाटेत बोटॅनिक गार्डन्स लागतं. ही बाग १८५९ सालची, २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. पुढे बुओना व्हिस्टाला माझ्या वर्गातले निम्मे उतरतात, कारण त्यांचे प्रकल्प बायोपोलिसमधल्या प्रयोगशाळांत चालले आहेत. त्यांचं आयुष्य काचेच्या दाराआड जातं. पेशींना रविवार नसतो. त्यांचं खाणं बदलायला सुट्टीच्या दिवशीही जावं लागतं. एका मैत्रिणीने तर भाऊबीजेचा व्हिडिओ कॉल पांढरा कोट घालूनच केला.

पहिली तीन वर्षं आणि हे वर्ष यांत एकच मोठा फरक आहे. आधीच्या प्रॅक्टिकलना उत्तर ठरलेलं असे. जेलवर पट्टी कुठे दिसायला हवी हे शिकवणाऱ्यांना माहीत असायचं आणि नाही दिसली तर चूक आपली. शेवटच्या वर्षी प्रश्न आपला असतो आणि उत्तर मार्गदर्शकांनाही ठाऊक नसतं. मग परवानग्या काढा, वही रोजच्या रोज भरा, दर आठवड्याला सगळ्यांसमोर उभं राहून ‘हे तुला कशावरून कळलं?’ या प्रश्नाला तोंड द्या, शेवटी प्रबंध लिहा आणि तोंडी परीक्षा द्या. या एका प्रश्नासाठीच बहुधा चार वर्षं लागतात.

माझा प्रश्न सुगरणीचा आहे. बहिणाबाईंमुळे आपल्या घराघरांत पोचलेली तीच सुगरण. ती सिंगापुरातही आहे, याचा मला इथे येईपर्यंत पत्ता नव्हता. ती पाहायला सेरंगूनहून नॉर्थ ईस्ट लाईनने पाचव्या स्थानकावर, पुंगोलला जायचं. तिथून पाण्याच्या कडेकडेने चालत गेलं की एक लालभडक पूल येतो. पुलाखाली सेरंगून जलाशय. इथे पूर्वी सेरंगून नदी समुद्राला मिळत असे. २०११ मध्ये तिचं मुख बांधून गोड्या पाण्याचा साठा केला. पुलापलीकडे लोरोंग हालुस.

लोरोंग हालुस ही १९९९ पर्यंत शहराची कचराभूमी होती. ती बंद झाली आणि कचरा समुद्रातल्या सेमाकाऊ बेटाकडे जाऊ लागला. पण पुरलेला कचरा गप्प बसत नाही. पाऊस मुरतो, कचऱ्यातून झिरपतो आणि अमोनियाने भरलेलं काळपट पाणी खाली उतरतं. शेजारी पिण्याच्या पाण्याचा जलाशय! म्हणून मध्ये जमिनीत खोलवर भिंत घातली आहे आणि हे झिरपलेलं पाणी उपसून तळ्यांमधून आणि वनस्पतींच्या वाफ्यांमधून फिरवतात. वाफ्यांत काय लावलं आहे? पाणकणीस! आमच्या सांगलीकडे कृष्णेच्या काठच्या ओढ्यांत माजतं, आणि ज्याची कणसं मोडल्यावर कापूस उडतो, तेच. खरं काम त्याच्या मुळांभोवतीचे जिवाणू करतात. मुळं चिखलात थोडा प्राणवायू सोडतात, त्याच्या आधाराने जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. पुस्तकात हे दुसऱ्या वर्षी पाठ केलं होतं. वाफ्याच्या कडेला उभं राहिल्यावर ते पहिल्यांदा पटलं.

याच परिसरात झाडांवर खोपे लोंबतात. सिंगापुरात सूर्य बाराही महिने सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे सहाची पहिली गाडी पकडली तरी चालतं. सध्या मी जुने खोपे नोंदते आहे: झाड कोणतं, उंची किती, पाण्यापासून अंतर किती, खोपा पुरा की अर्धवट. अर्धवट खोपे फार बोलके असतात. आपण ‘सुगरण’ म्हणतो खरं, पण विणतो तो नर. खोपा शिरस्त्राणाच्या आकाराचा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर नर खालची नळी विणून तो पुरा करतो. नाही पडला तर खोपा तसाच लोंबत राहतो. कोणत्या जागचे खोपे जास्त नाकारले जातात, एवढंच मला शोधायचं आहे.

या अभ्यासाचं मूळ महाराष्ट्रात आहे, हे मला इथल्या ग्रंथालयात कळलं. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीतून शिकून परतले, तेव्हा मुंबईतली त्यांची म्युझियममधली नोकरी पैशांअभावी बंद झाली होती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथल्या सुगरणींची वसाहत न्याहाळत बसले. एक मादी घरात बसली की नर दुसरा खोपा विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपलं. जगभरचे अभ्यासक आजही त्या कामापासून सुरुवात करतात. दर रविवारच्या फोनवर ‘जीवशास्त्र घेऊन पुढे काय?’ असं विचारणाऱ्या काकांना मी हा किस्सा सांगितला. काका म्हणाले, ‘म्हणजे त्यांनाही नोकरी नव्हतीच ना!’

प्रश्न चेष्टेचा नाही. सरकारी शुल्क-अनुदान घेऊन शिकणाऱ्या माझ्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर तीन वर्षं सिंगापुरातल्या संस्थेत नोकरी करण्याचा करार पाळावा लागतो. संगणकवाल्या मित्रांना तो जाणवतही नाही. आमच्याकडे बायोपोलिसमधली सहायकाची कामं, औषध कंपन्या, चाचणी-प्रयोगशाळा आणि पर्यावरण-सर्वेक्षणाच्या मोजक्या जागा. पगाराचा आकडा पाहिला तर औषध कंपनी. खोपे मोजताना सकाळी जे वाटतं ते पाहिलं तर सर्वेक्षण. मी दोन्हीकडे अर्ज केले आहेत आणि पहिलं उत्तर सर्वेक्षणाकडून आलं, तर तेच घेणार आहे. बाबांना हे सांगून झालंय. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘तीन वर्षांनी कृष्णेचा काठही मोज.’ त्यांच्या तोंडून हे येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे कचरा ओढ्याकाठी पडतो आणि त्याच ओढ्यात पाणकणीस उगवतं, हे आता माझ्या डोळ्यांआड होत नाही. लोरोंग हालुसमागे पैसा आहे, भिंत आहे, राखण आहे, हे खरं. पण आधी कोणीतरी मोजलं होतं, हेही तितकंच खरं. सेरंगूनच्या पाटीवरचा पक्षी नेमका कोणता, यावर आज वाद घालावा लागतो, कारण तो इथे होता तेव्हा कोणी नीट नोंदवून ठेवलं नाही.

आजी सांगायची, सुगरण खोप्यात ओल्या मातीचा गोळा लावते आणि त्यात काजवा चिकटवून दिवा करते. मातीचे गोळे खरोखरच असतात, मी हात लावून पाहिले आहेत. वाऱ्यात खोपा फार हेलकावू नये म्हणून ते वजन असावं, असा एक तर्क आहे. काजवा मात्र मला अजून एकाही खोप्यात सापडला नाही. आजीला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘तू दिवसा बघतेस!’ मार्गदर्शकांचा प्रश्नही काही वेगळा नसता.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत ज्यांच्याकडे घरून पाहुणे येणार आहेत, त्यांनी एक सकाळ सेंटोसाऐवजी इकडे काढावी. पुंगोल स्टेशन, सकाळी पावणेसात. टोपी आणि पाणी आणा. नशीब असेल तर जलाशयात पाणमांजरांचं कुटुंबही दिसेल. १९७० च्या दशकात ती सिंगापुरातून दिसेनाशी झाली होती आणि नव्वदच्या दशकात आपली आपण परतली. मुलांना आणलंत तर उत्तम. माझ्याकडे एक दुर्बीण जास्तीची आहे, आणि खोपे मोजायला चार डोळे मला कायमच कमी पडतात.