माझी सिस्टर आज्जी

१० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी आमच्या भित्तिपत्रकाचा नवा अंक लागणार आहे. गुरुजींनी प्रत्येकाला एक एक विषय वाटून दिला. कोणाला जिजाऊ आल्या, कोणाला अहिल्याबाई आल्या. मला सावित्रीबाई आल्या. मी लिहायला बसले तर सारखी माझी आज्जीच आठवू लागली. मी गुरुजींना विचारले, तर ते म्हणाले, "दोघींवर लिही की. भिंत लई मोठी हाय." म्हणून मी दोघींवर लिहीत आहे.

सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, लोकांनी त्यांच्यावर शेण फेकले, हे सगळ्यांना पाठ आहे. ते मी परत सांगत नाही. मला त्यांची शेवटची गोष्ट सांगायची आहे, कारण ३ जानेवारीला बालिका दिनाच्या कार्यक्रमात मी तीच गोष्ट नाटकात केली.

सावित्रीबाईंना स्वतःच्या पोटचे मूल नव्हते. त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तेव्हा विधवा बाईला मूल झाले तर लोक तिला जगू देत नसत. अशा बायकांनी तिथे येऊन बाळंत व्हावे, असे त्यांनी जाहीर केले होते. तिथेच काशीबाई नावाच्या बाईला मुलगा झाला. तो सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी शिकवले आणि डॉक्टर केले. १८९० साली जोतीराव वारले. मग घरात मायलेकच मोठे राहिले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ साली पुण्यात पसरला. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे होतो. माणसाला फार ताप येतो, काखेत आणि जांघेत गाठी येतात. तेव्हा त्यावर नीट औषध नव्हते. लोक घरे सोडून पळत होते. यशवंत तेव्हा सैन्यात डॉक्टर होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना काढला. यशवंत औषध देई आणि सावित्रीबाई आजारी माणसांना घेऊन येत, त्यांची सेवा करीत. मुंढवा गावात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा सावित्रीबाई तिथे गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचे वय तेव्हा ६६ होते. मग त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

नाटकात माझ्या पाठीवर दुसरीतला एक पोरगा बांधला होता. तो जड होता आणि त्याला गुदगुल्या होत होत्या. प्लेग झालेला पोरगा हसूलाला म्हणून सगळे हसले. मी पडता पडता वाचले. माझे पप्पा पालकांत बसले होते. ते मात्र हसले नाहीत.

त्या रात्री जेवताना मी पप्पांना विचारले, "पप्पा, यशवंतला राग आला असंल का?"

पप्पा म्हणाले, "कशाचा?"

मी म्हणाले, "त्याची माय दुसऱ्याचं लेकरू आणायला गेली अन् त्याचीच माय गेली की."

पप्पांनी भाकर तशीच ठेवली. ते उठून गाईला वैरण टाकायला गेले. आमच्याकडे देवणी गाय आहे, शेवरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. (बाहेरगावच्या पाहुण्यांना माहीत नसते म्हणून सांगते. तोंड काळे असले की वानेरा, आणि सगळी पांढरी असली की बालंक्या.) वैरण तर मी मघाशीच टाकली होती. मी आईला तसे सांगितले, तर आई म्हणाली, "गप जेव."

आता आज्जीचे सांगते. माझी आज्जी नर्स होती. लोक तिला सिस्टरबाई म्हणत. मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी चार दिवस ती वारली. मला अजून शाळेतून आल्यावर "आज्जी" अशी हाक जाते.

आज्जीचे माहेर निलंगा तालुक्यात. ती दहावी पास झाली, मग नर्सचे ट्रेनिंग केले आणि १९८० साली आपल्या भागात उपकेंद्रावर नोकरीला लागली. तिच्याकडे पाच गावे होती. पावसाळ्यात यष्टी बंद व्हायची, मग ती चिखलातून चालत जायची. चप्पल हातात आणि लशीची पेटी डोक्यावर. लस गरम झाली की बाद होते, म्हणून पेटीत बर्फ ठेवतात. बर्फ वितळायच्या आत पोहोचायचे, म्हणून ती कोणाच्या घरी चहाला थांबत नसे. लोकांना वाटायचे सिस्टरबाईला गर्व आहे.

पूर्वी काही घरात बाळाची नाळ विळ्याने कापीत आणि वर राख लावीत. त्याने बाळाला धनुर्वात होई आणि बाळ दगावत असे. आज्जी नवे ब्लेड आणि उकळलेला दोरा घेऊन जाई. हात साबणाने धुवायचे, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेला काही लावायचे नाही. हे ती मला बोटांवर मोजून सांगायची. मी तेव्हा बाहुलीची नाळ कापायचा खेळ खेळत असे. शेजारच्या बायका हसायच्या.

नारूचे पण ती सांगायची. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा किडा. पायऱ्यांच्या बारवेत ज्याला नारू झाला तो माणूस पाय बुडवून पाणी भरी, मग किड्याची पिल्ले पाण्यात पडत. ती पाण्यातल्या बारीक पिसू खात. ते पाणी प्यायले की वर्षभराने दुसऱ्याच्या पायातून दोऱ्यासारखा लांब नारू निघे. त्याला औषध नाही. पाणी फडक्याने गाळून प्यायचे एवढेच. आज्जी घरोघर जाऊन रांजणावर फडके बांधलेले आहे का बघायची. नसले तर स्वतःच्या पिशवीतले फडके काढून बांधायची. २००० साली आपला देश नारूमुक्त झाला. पोलिओ २०१४ साली गेला, माझ्या जन्माच्या आधी. म्हणून मी नारू पण बघितला नाही आणि पोलिओ पण बघितला नाही.

आपले गाव कर्नाटकच्या सीमेजवळ, म्हणून आज्जीला कानडी पण येत होते. बिदरकडून आलेली एखादी बाई इंजेक्शनला घाबरली की आज्जी म्हणायची, "हेदरब्याड, हेदरब्याड," म्हणजे भिऊ नको. मला पण ती गोवराच्या इंजेक्शनच्या वेळी हेच म्हणाली होती. मी तरी रडले.

माझे आजोबा पप्पा चार वर्षांचे असताना वारले. तेव्हा आत्या तर अंगावर पीत होती. आज्जीने दोघांना एकटीने वाढवले. रात्री बोलावणे आले की ती आत्याला कडेवर घेऊन जायची आणि पप्पांच्या हातात कंदील द्यायची. बाळंतिणीच्या घरी ओसरीवर दोघे झोपायचे. पप्पा म्हणतात, मी निम्म्या तालुक्याच्या ओसरीवर झोपलेलो आहे.

पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. ती पप्पांनी त्या रात्री गाईजवळून आल्यावर सांगितली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते. लोक दमून झोपले होते. तिकडची घरे जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचे जड माळवद. ती सगळी झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसे मेली. आपल्याकडे पण भांडी पडली आणि सगळा गाव रस्त्यावर आला. तेव्हा देवणी तालुका नव्हता, आपण उदगीर तालुक्यात होतो.

पप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढे. त्यांना हिवताप झाला होता. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी ते कुडकुडत होते. आज्जीला किल्लारीकडे ड्यूटीवर जायचा निरोप आला. पप्पांनी तिच्या लुगड्याचा पदर धरला आणि म्हणाले, "जाऊ नको माय." आज्जीने गोळ्या मोजून शेजारच्या काकूंच्या हातात दिल्या. कोणती कधी द्यायची ते सांगितले. मग पप्पांच्या मुठीतून पदर सोडवून घेतला आणि गेली. तिने मागे वळून बघितले नाही, असे पप्पा म्हणतात.

ती तीन आठवड्यांनी आली. तिकडे पाऊस लागला होता. जखमी लोकांना धनुर्वाताची इंजेक्शने द्यायची, जखमा धुवायच्या, पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकायची. ती बारीक झाली होती आणि तिच्या पांढऱ्या लुगड्याचा रंग मातीचा झाला होता. पप्पांचा ताप कधीच गेला होता. पण ते तिच्याशी बोलले नाहीत. आठ दिवस काकूंच्या घरी झोपले. आज्जीने धपाटे केले आणि दही लावून ताट काकूंच्या घरी नेऊन दिले. पप्पांनी भिंतीकडे तोंड करून खाल्ले पण बोलले नाहीत. मग कधी बोलले ते त्यांना आठवत नाही. "बोललो हळूहळू," असे म्हणाले. पण ती बाब त्यांनी कधी काढली नाही आणि आज्जीने पण काढली नाही.

आज्जी मला किल्लारीचे फार सांगत नसे. मी विचारले की म्हणायची, "दुसरं काही इचार." एकच सांगितले होते, की बऱ्याच दिवसांनी ढिगाऱ्यातून एक लहान मुलगी जिवंत निघाली आणि ते ऐकून सगळ्या सिस्टर काम सोडून रडल्या.

मी पप्पांना म्हणाले, "मग आज्जीला तुमची काळजी नव्हती का?" आईने मला डोळे वटारले. पप्पा म्हणाले, "तेच मला तीस वर्षं कळलं नाही."

त्यानंतर माघात आम्ही आज्जीची पत्र्याची पेटी उघडली. ती माझ्या वह्यांसाठी मला द्यायची ठरली होती. उघडली की अजून स्पिरिटचा वास येतो. आत तिचे घड्याळ होते, नाडी मोजायचे, सेकंदाचा काटा लाल असलेले. तिच्या नोंदीच्या वह्या होत्या. त्यात आपल्या गावातल्या पुष्कळ लोकांची नावे आहेत, कोणाला कोणता डोस कधी दिला ते. आमच्या वर्गातल्या दोघांच्या पप्पांची नावे मी वाचली. एकाच्या नावापुढे "पळाला" असे लिहिले आहे. (कोणाच्या ते सांगत नाही.) आणि सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत तीन चिठ्ठ्या होत्या. कागद पिवळे झाले आहेत.

त्या चिठ्ठ्या घेऊन आम्ही काकूंकडे गेलो. काकू आता म्हाताऱ्या आहेत, कमी ऐकू येते. त्या म्हणाल्या, "आगं, सिस्टरबाईनंच सांगून ठिवलं होतं. रोज लेकराचं लिहून धाड म्हणून. मला कुठं लिव्हता येतंय, माझ्या थोरल्याकडनं लिव्हून घेतलं. कंडक्टरकडं द्यायची निलंग्यापत्तूर, तिथनं मदतीच्या गाडीवाल्याकडं. लई धाडल्या. तीन पोचल्या म्हणायच्या." पप्पांना का नाही सांगितले, असे मी मोठ्याने विचारले. काकू म्हणाल्या, "त्यो कुठं इचारला?"

पहिल्या चिठ्ठीत लिहिले आहे, "ताप हाय. गोळी दिली." दुसरीत, "ताप उतरला. अर्धी भाकर खाल्ला." तिसरीत, "चांगला हाय. खेळायला गेला. तुमचं नाव काढीत नाही." या चिठ्ठीची घडी सगळ्यात जास्त फाटली आहे. पप्पा म्हणाले की पुष्कळ वेळा उघडली की कागद असा घडीवर फाटतो.

यशवंतचे पुढे काय झाले ते मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी पुस्तकात बघून सांगितले, की तो पुन्हा सैन्यात गेला आणि नंतर प्लेगच्या साथीत लोकांवर औषधोपचार करताना १९०५ साली वारला. राग आला होता का, ते पुस्तकात नाही.

पेटी आता माझ्याजवळ आहे. घड्याळ चालत नाही. चिठ्ठ्या मात्र पप्पांच्या शर्टाच्या खिशात असतात. आईने धुणे धुताना दोनदा काढून ठेवल्या.